खरे कोणते, खोटे कोणते?

मुलांनो, चित्र म्हटले की कागद, रंग आणि कुंचला आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे २०१९ साली शिवजयंतीच्या निमित्ताने एक निराळेच चित्र साकार झाले. मंगेश निपाणीकर या कलावंताने सुमारे ६ एकर जमिनीवर बी पेरून, उगवलेल्या रोपांतून छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा रेखाटली. माती हाच त्याचा कागद आणि हिरवा अंकुर हाच त्याचा रंग!

एवढे मोठे चित्र बांधावर उभे राहून ओळखू येणे कठीण. जवळ उभ्या असलेल्या माणसास पुढे नुसती हिरवळच दिसणार. महाराजांची मुद्रा उमटते ती उंचावरून पाहणाऱ्यास. मग ज्याने दूरगावी केवळ छायाचित्र पाहिले, त्याच्या मनात 'ही यंत्राची करामत तर नव्हे?' अशी शंका आल्यास नवल नाही. पण चित्र तर खरे होते!

आता याच्या उलट प्रकार पाहा. इंग्लंडमध्ये बँक्सी या टोपणनावाचा एक चित्रकार आहे. रस्त्यांवरील भिंतींवर चित्रे काढण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. २००५ साली त्याने काँक्रीटच्या एका तुकड्यावर आदिमानवाचे चित्र काढले आणि तो तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गुपचूप लावून ठेवला. सोबत संग्रहालयाच्या धर्तीची माहितीपट्टीही लावली. चित्रातील आदिमानव चक्क बाजारातील सामानाची ढकलगाडी ढकलत होता! तरीही काही दिवस ही लबाडी कोणाच्या ध्यानी आली नाही. स्थान थोर, पट्टी नीटनेटकी. मग शंका कोण घेणार? पुढे २०१८ साली त्याच संग्रहालयाने तो तुकडा एका प्रदर्शनात उघडपणे मांडला.

पाहा, शेतातले खरे चित्र खोटे वाटावे आणि संग्रहालयातील खोटी वस्तू खरी वाटावी! म्हणून केवळ डोळ्यांवर वा स्थानाच्या थोरवीवर विसंबू नये. हे कोणी केले, कोठे केले, केव्हा केले, होताना कोणी पाहिले, असे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरावा.

खोट्यास खरे मानले, तर आपली फसगत होते. परंतु खऱ्यास खोटे म्हटले, तर उन्हातान्हात राबलेल्या हातांवर अन्याय होतो. हे दोन्ही टाळतो, तोच खरा पारखी.