ड्रोन, विमानतळ आणि आपली जबाबदारी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी भाव, कर, वाहतूक व हिशेब यांविषयी लेख येतात. या वर्षी मी घेतलेला विषय वरवर पाहता व्यापारापासून दूरचा वाटेल. परंतु तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. विमानतळाच्या आसपास उडणाऱ्या ड्रोनमुळे विमानांना विलंब का होतो, ती दुसऱ्या गावी का वळवावी लागतात आणि त्यात आपल्यासारख्या गृहस्थांचा संबंध कोठे येतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम अनुभव सांगतो. गेल्या माघात आमच्या घरचे एक लग्न शमशाबादच्या बाजूस एका फंक्शन हॉलमध्ये झाले. वरातीचे चित्रण आकाशातून व्हावे अशी मुलांची इच्छा होती. ती मी मान्य केली आणि पैसेही मीच दिले. छायाचित्रकाराने ड्रोन वर चढविला, सर्व मंडळी माना वर करून पाहू लागली. इतक्यात उतरणीस लागलेले एक विमान आमच्या डोक्यावरून असे गेले की वाजंत्री ऐकू येईना. मी त्या तरुणास विचारले, "बाबा, तुझे यंत्र किती उंच आहे?" तो म्हणाला, "सेठजी, एकशेवीस मीटर. तेवढे चालते." मी गप्प राहिलो, पण रात्री झोप लागेना, म्हणून उठून कागदावर हिशेब मांडला.

तो हिशेब असा. उतरणारे विमान साधारणतः तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. धावपट्टीच्या टोकावरून जाताना ते सुमारे १५ मीटर उंच असते. यावरून टोकापासून पाच किलोमीटरवर त्याची उंची सुमारे २७५ मीटर, तीन किलोमीटरवर १७० आणि दोन किलोमीटरवर १२० मीटर भरते. आमची जागा टोकापासून अंदाजे तीन किलोमीटरवर होती. म्हणजे वरचे विमान आणि आमच्या हौसेचे यंत्र यांमध्ये अवघे पन्नास मीटर अंतर होते. माझ्या गोदामाची लांबीही तेवढीच आहे. वाऱ्याचा एक झोत किंवा त्या तरुणाच्या बोटाची एक चूक एवढे अंतर खाऊन टाकण्यास पुरेशी होती. विमानात शेदोनशे माणसे असतील. त्यांना खाली काय चालले आहे याची कल्पनाही नव्हती.

कोणी म्हणेल, एवढेसे यंत्र एवढ्या मोठ्या विमानाचे काय बिघडविणार? उतरताना विमानाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर असतो. पक्ष्याचे शरीर मऊ असते. ड्रोनमध्ये मात्र धातूच्या मोटारी व कठीण बॅटरी असते. अमेरिकेतील डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सुमारे एक किलो वजनाचा ड्रोन लहान विमानाच्या पंखावर वेगाने सोडून पाहिला, तेव्हा पंखाची पुढील कड फाटून आतील आधारालाही इजा पोहोचली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक शहराजवळ आठ जणांना घेऊन उतरणाऱ्या विमानास ड्रोन धडकला. दैव बलवत्तर म्हणून ते सुखरूप उतरले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसचा वणवा विझविणाऱ्या विमानाच्या पंखास एका हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडले, आणि ऐन आगीच्या वेळी ते विमान जमिनीवर अडकून पडले.

आता खोळंब्याचे कारण पाहू. उस्मानगंजात एका अरुंद वाटेवर एखादी मालमोटार बंद पडली की मागे किती गाड्या तुंबतात, हे आपण जाणतो. विमानतळाचे तसेच आहे. लहान ड्रोन रडारवर नीट दिसत नाही. वैमानिकाने किंवा पहारेकऱ्याने तो पाहिल्याची वर्दी येते, परंतु या क्षणी तो कोठे आहे आणि एकच आहे की दोन, हे नियंत्रकास सांगता येत नाही. म्हणून तो विमाने थांबवितो, आणि त्याचे तसे करणे रास्तच असते. वर असलेली विमाने घिरट्या घालू लागतात. त्यांच्याजवळ पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते आणि शिवाय सुमारे अर्ध्या तासाचे राखीव इंधन असते. त्या राखीव साठ्यास हात लागण्यापूर्वी वैमानिकास नागपूर, बंगळूर किंवा विजयवाडा अशी वाट धरावी लागते. तेवढ्यात वैमानिकाच्या कामाचे नियमित तास संपले, तर दुसरा येईपर्यंत विमान तेथेच थांबते. पुढे त्याच विमानाने आणखी दोन-तीन गावी जावयाचे असते, म्हणून तेथील प्रवासीही ताटकळतात. असा विलंब विमानकंपनीच्या हाताबाहेरचा असल्याने भरपाई देण्याचे बंधनही तिच्यावर नसते. हुकलेला सौदा किंवा हुकलेला मुहूर्त यांचे नुकसान ज्याचे त्यानेच सोसावे लागते.

याची मोठी उदाहरणे घडलेली आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये नाताळाच्या तोंडावर लंडनजवळील गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वर्द्या आल्या. सुमारे १,००० उड्डाणे व १,४०,००० प्रवासी यांना त्याचा फटका बसला. अपराधी कधीच सापडला नाही. उलट ज्या दांपत्यास संशयाने पकडले ते निरपराध ठरले व पोलिसांना त्यांस भरपाई द्यावी लागली. आपल्या देशात १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अज्ञात उडती वस्तू दिसल्यावरून सुमारे तीन तास वाहतूक बंद राहिली व दोन विमाने अन्यत्र वळविण्यात आली. ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी जर्मनीतील म्युनिक येथे एका रात्रीत १७ उड्डाणे रद्द झाली, १५ विमाने दुसऱ्या शहरी गेली आणि सुमारे ३,००० प्रवासी अडकले. यावरून दिसते की टक्कर होण्याची गरजच नाही. नुसती शंका पुरे होते.

हैदराबादकरांना याचे महत्त्व विशेष आहे. मार्च २००८ मध्ये प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला गेली, आणि पुढे त्या परिसरात फंक्शन हॉल, बागा व वसाहती वाढत गेल्या. आपली निम्मी लग्ने आता त्याच बाजूस लागतात.

कायदा स्पष्ट आहे. भारत सरकारचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले. त्यानुसार आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे पट्टे केलेले असून त्यांचा नकाशा 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतो. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरपर्यंत लाल पट्टा. तेथे केंद्र सरकारच्या परवानगीवाचून काहीही उडविता येत नाही. पाच ते आठ किलोमीटर पिवळा. तेथे हवाई नियंत्रकाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये परवानगीवाचून केवळ ६० मीटरपर्यंतच मुभा आहे. त्या तरुणाने सांगितलेली १२० मीटरची मर्यादा खरी होती, परंतु ती त्याहून दूरच्या हिरव्या पट्ट्याची होती. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा सभासद बंधुभगिनींस माझी विनंती अशी. ड्रोनचित्रण ठरविताना यंत्राचा नोंदणी क्रमांक व चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र मागावे. कार्यस्थळ कोणत्या पट्ट्यात येते ते नकाशावर स्वतः पाहावे व परवानगीची प्रत आगाऊ रक्कम देण्यापूर्वी घ्यावी. मुलांना भेट दिलेला अडीचशे ग्रॅमांहून हलका ड्रोनदेखील लाल पट्ट्यात उडवू देऊ नये. त्यास चालक-प्रमाणपत्र लागत नसले तरी पट्ट्यांचा नियम लागू आहेच. विमानतळाजवळ ड्रोन उडताना दिसल्यास ११२ क्रमांकावर कळवावे.

ड्रोन वाईट आहे असे मी म्हणत नाही. याच राज्यात विकाराबाद येथे सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोनने औषधे पोहोचविण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि ज्या शेतांतून आपल्या गोदामांत धान्य येते तेथे तो आज औषधफवारणी करतो. यंत्र चांगलेच आहे. ते कोठे उडवावे याचा विवेक आपल्याकडे हवा.

मापात एक तोळाही कमी जाऊ नये म्हणून आपण काटा तपासून घेतो. त्या दिवशी लग्नात मी पन्नास मीटरांचा काटा न तपासता पैसे मोजले. पुढील महिन्यात आमच्याकडे दुसरे कार्य आहे. या वेळी नकाशा मी आधी पाहिला, जागा लाल पट्ट्यात निघाली, आणि चित्रण जमिनीवरूनच करावयाचे ठरले. मुले थोडी हिरमुसली; हिशेब दाखविल्यावर त्यांनाही ते पटले.