बिघडवायची मोकळीक

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीच्या मुलाने किंवा मुलीने कॉम्प्युटरची वाट धरायची म्हटली, की घरात पहिला विषय लॅपटॉपचा निघतो. पोटाला चिमटा घेऊन आणलेलं यंत्र पोराने भलतंसलतं टाकून बंद पाडलं तर? पालकांची ही धास्ती खरी आहे. पण सॉफ्टवेअर बिघडवून पाहिल्याशिवाय कळत नाही. सुदैवाने, मूळ यंत्राला धक्का न लावता प्रयोग करण्याची सोय याच क्षेत्राने करून ठेवली आहे: व्हर्च्युअलायझेशन.

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने विंडोजच्या लॅपटॉपमध्ये लिनक्सचा दुसरा, आभासी संगणक उभा करता येतो. प्रयोगाआधी त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला, तर सगळं बिघडल्यावरही काही मिनिटांत पूर्वस्थिती मिळते. आत संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चालत असल्याने 8 जीबी रॅम असलेली बरी. 2013 मध्ये आलेल्या डॉकर या साधनाचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रामसाठीचे वेगळे कप्पे, त्याहून हलके असतात, कारण ते लिनक्सचा चालू असलेला कर्नल, म्हणजे गाभाच, वापरतात. म्हणून 4 जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर, आतल्या फायलींची प्रत काढून, थेट लिनक्स टाकून त्यावर कंटेनर चालवलेले उत्तम. व्हायरस तपासायला मात्र कंटेनर वापरू नये; त्याच्या भिंती तेवढ्या जाड नसतात.

अमुक सॉफ्टवेअरचा कोर्स केला की नोकरी, या जाहिरातीला पालकांनी भुलू नये. अ‍ॅप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशनमधली सॉफ्ट्रिसिटी कंपनी 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि तिच्या सॉफ्टग्रिडचं नाव अ‍ॅप-व्ही झालं. आभासी संगणकांचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर 2023 मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली. नावं आणि मालक बदलत राहिले. प्रोग्राम वेगळा कसा ठेवायचा, त्याला मेमरी किती द्यायची, हे मूळ प्रश्न तेच राहिले. ते ज्याला उमगले, त्याला नवं साधन शिकायला फार दिवस लागत नाहीत.

पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने ग्रासलेले असत. कॉम्प्युटर शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहायला घेतले, आणि त्यातून अँटिव्हायरस उभा राहिला. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. संशयास्पद वेबपान बंदिस्त कप्प्यात उघडणारा ब्राउझर सँडबॉक्सही तिने दिला. समोर आलेल्या बिघाडाशी झटापट करण्याची मुभा त्या दोघा भावांना मिळाली, हे फार मोलाचं होतं.

माकणीच्या विद्यार्थ्याला धाराशिवचं शासकीय तंत्रनिकेतन किंवा तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय जवळचं आहे. प्रवेशाची वाट न पाहता सुरुवात घरीच करता येते. गावाजवळच्या निम्न तेरणा धरणाचा पाणीसाठा रोज नोंदवून आलेख काढणारा छोटा प्रोग्राम लिहावा, तो कंटेनरमध्ये बसवावा आणि गिटहब या संकेतस्थळावर ठेवावा. मग मित्राच्या लॅपटॉपवर तो जसाच्या तसा चालतो का, ते पाहावं. चालला नाही, तर का अडला ते शोधून तिथेच लिहून ठेवावं. मुलाखतीत बोलण्यासारखं बरंच काही त्या नोंदीत सापडेल.