दिवे हिरवे, पान मात्र उघडेना

संध्याकाळी आमच्याकडे राउटरचे दिवे हिरवेगार असायचे, चालू असलेला व्हिडिओ चालत राहायचा, पण नवं संकेतस्थळ उघडायला घेतलं की गोल चक्र फिरत बसायचं. लाइन ठीक होती. नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा केबलवाल्याचा डीएनएस सर्व्हर गर्दीच्या वेळी मान टाकत होता. राउटरमध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घातला आणि पानं चटचट उघडू लागली.

हे ऐकलं की शेजारी लगेच फोन पुढे करतात. त्यांना आधीच सांगतो, डाउनलोडचा वेग याने तसूभरही वाढत नाही. वाचतो तो फक्त पत्ता शोधण्याचा वेळ, आणि मिळालेला पत्ता काही काळ जपून ठेवला जात असल्याने तोही दर वेळी नाही. तुमच्या कंपनीचा डीएनएस धड चालत असेल तर फरक मिलिसेकंदांचाच. क्वचित तोटाही होतो. मोठ्या संकेतस्थळांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर असतात, आणि तुम्हाला कुठली द्यायची हे पुष्कळदा विचारणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या ठिकाणावरून ठरतं. गूगलचा ८.८.८.८ तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवू शकतो. क्लाउडफ्लेअर खासगीपणापायी तसं करत नाही. पान लवकर उघडतंय पण व्हिडिओ अडखळतोय, असं झालं तर हे दोन्ही आलटून पालटून पाहा.

मनस्ताप दिला तो फोनने. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आहे. तिथे सर्व्हरचं नाव घातलं की फोन त्यालाच धरून बसतो. एका लॉजच्या वाय-फायवर त्यासाठी लागणारं ८५३ क्रमांकाचं पोर्ट बंद होतं, खोलीत मोबाइलला रेंज नाही, वाय-फायला जोडलेलं असूनही काही उघडेना आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, बाकीच्यांचं चालतंय की!" सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर आणताच सुरू झालं. फिरतीवर असणाऱ्यांनी ते तिथेच ठेवावं.

ऑफिसच्या लॅपटॉपला हात लावू नका. आतल्या सर्व्हरांची नावं फक्त ऑफिसच्याच डीएनएसला ठाऊक असतात. घरीही आधी एकाच यंत्रावर बदल करा, आणि जुन्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'सुपरफास्ट' आकडे तर अजिबात घालू नयेत. डीएनएस ज्याच्या हातात, तो बँकेचं नाव टाकणाऱ्याला भलत्याच पानावर नेऊ शकतो. 'डीएनएसचेंजर' या व्हायरसने जगभरातल्या लाखो संगणकांचे डीएनएस आकडे असेच गुपचूप बदलले होते, आणि भामट्यांचे सर्व्हर जप्त झाल्यावर अशा संगणकांसाठी चालवलेले तात्पुरते सर्व्हर जुलै २०१२ मध्ये बंद झाले तेव्हा उरलेल्यांचं इंटरनेटच गेलं.