पडद्यावरची शर्यत, कागदावरची शर्यत

मोटार शर्यतीवरचा चित्रपट पाहून झाला की मी त्या शर्यतीचं निकालपत्रक शोधून काढतो. कोण कितवा आला, किती फेऱ्या झाल्या, कुणाची गाडी कशामुळे बंद पडली, एवढाच मजकूर त्यात असतो. पण ताज्या पाहिलेल्या चित्रपटाशेजारी तो कागद ठेवला की खूप काही बोलू लागतो. मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, हे सांगत इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांमागे आयुष्यभर फिरले. बखरीत रस असतो आणि कागदात पुरावा. मला दोन्ही हवंहवंसं वाटतं. फक्त आपल्या हातात त्या क्षणी काय आहे, याचं भान सुटू नये.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ (२०१९) आणि ‘रश’ (२०१३) हे माझे अतिशय आवडते चित्रपट. पहिल्यात फ्रान्समधली १९६६ची ल माँची २४ तासांची शर्यत आहे, दुसऱ्यात १९७६चा फॉर्म्युला वनचा हंगाम. या दोघांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर चित्रपटांच्या नादाने जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. आधी गाळलेली माणसं शोधावीत

ल माँची शर्यत चोवीस तास चालते. १९६६ साली एका गाडीला दोन चालक असत आणि ते आळीपाळीने चाकामागे बसत. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ पाहणाऱ्याला मात्र वाटतं की फोर्डचा चालक केन माइल्स याने रात्रंदिवस एकट्यानेच गाडी हाकली. त्याचा जोडीदार होता न्यूझीलंडचा डेनी हल्म. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, हा हल्म फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. चित्रपटात तो जेमतेम दिसतो. १९६६ सालीच माइल्सने डेटोनाची २४ तासांची आणि सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली, तेव्हा दोन्ही वेळा सोबत लॉइड रुबी होता. त्याचंही नाव प्रेक्षक घरी घेऊन जात नाही.

एका माणसाची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड असते, हे मला कळतं. पण दीर्घ पल्ल्याची शर्यत हा मुळातच भागीदारीचा खेळ आहे. जोडीदाराला गाडी धड अवस्थेत परत द्यायची, स्वतःच्या वेगाची हौस थोडी आवरायची, ही त्यातली मोठी विद्या. जोडीदार वगळला की ती विद्याच गोष्टीतून निघून जाते.

२. कोण कुठे हजर होतं, हे तपासावं

याच चित्रपटात शर्यत संपल्यावर स्टँडमधून फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी माइल्सकडे पाहून टोपी किंचित उचलतात. फार सुंदर प्रसंग आहे. प्रत्यक्षात एन्झो त्या दिवशी ल माँमध्ये नव्हतेच. शर्यतींना स्वतः जाणं त्यांनी फार पूर्वी सोडलं होतं. बातम्या ते इटलीत बसून घेत.

आता नेमकी उलटी गोष्ट पाहा. १९६५च्या ल माँला माइल्सला पाठवलंच नाही आणि बिचारा घरी वर्कशॉपमध्ये रेडिओ ऐकत बसला, असं चित्रपट सांगतो. खरं तर तो तिथे होता आणि ब्रूस मॅक्लॅरेनसोबत त्याने शर्यत केली. गिअरबॉक्सने दगा दिला म्हणून गाडी बाद झाली. त्या वर्षी फोर्डची एकही जीटी४० शेवटपर्यंत टिकली नाही. जिंकली ती फेरारीचीच गाडी, पण कारखान्याच्या संघाची नव्हे, अमेरिकेतल्या एका खासगी संघाची. चालक मास्टेन ग्रेगरी आणि योखेन रिंट. त्यानंतर फेरारीला ल माँ पुन्हा जिंकायला २०२३ साल उजाडावं लागलं.

नसलेला माणूस हजर केला आणि असलेला माणूस गैरहजर केला. दोन्ही बदलांचा हेतू एकच आहे: माइल्सवर झालेला अन्याय मोठा दिसावा आणि अखेरीस प्रतिस्पर्ध्याकडून त्याला मान मिळावा. भावना खरी आहे, हजेरीपट खोटा. म्हणून डोळे भरून आले की मी आधी हजेरीपट उघडतो.

३. खलनायकाला दुसरी संधी द्यावी

चित्रपटातला सगळा राग फोर्डचे अधिकारी लिओ बीबी यांच्यावर निघतो. आपल्या आघाडीच्या तिन्ही गाड्या एकत्र रेषा ओलांडतील असं करा, छायाचित्र छान येईल, हा हुकूम त्यांचा. पडद्यावर माइल्सच्या संघाचा प्रमुख कॅरोल शेल्बी त्याला विरोध करतो आणि निर्णय माइल्सवर सोपवतो.

प्रत्यक्षात शेल्बी त्या निर्णयात सहभागी होता. त्याने होकार दिला होता आणि पुढे म्हातारपणी त्याची जाहीर खंतही व्यक्त केली. बीबींची बाजूही निव्वळ दुष्टपणाची नव्हती. आपल्याच गाड्या शेवटच्या तासात एकमेकींशी झुंजल्या आणि त्यात मोडल्या तर चोवीस तासांची मेहनत पाण्यात, ही भीती व्यवस्थापकाला वाटणं साहजिक आहे. फेरारीच्या मुख्य गाड्या केव्हाच बाद झाल्या होत्या. हरवायला समोर कुणी उरलं नव्हतं. हाच माणूस १९५६नंतर हंगेरीतून पळून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या कामात पुढे होता, हे वाचल्यावर मला त्यांचा पडद्यावरचा चेहरा फारच सपाट वाटू लागला.

माइल्सची गाडी दुसरी ठरली, त्या निकालाचं कारण तर आणखी कोरडं आहे. ब्रूस मॅक्लॅरेन आणि क्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला रांगेत मागे उभी होती, म्हणून चोवीस तासांत तिने काही मीटर जास्त अंतर कापलं, असा निर्णय अधिकाऱ्यांनी दिला. ३६० फेऱ्या, सुमारे ४८४३ किलोमीटर, आणि फैसला त्या काही मीटरवर. डेटोना, सेब्रिंग आणि ल माँ एकाच वर्षी जिंकण्याची माइल्सची संधी तिथे गेली. अन्याय झाला, हे माझंही मत आहे. पण तो अनेकांच्या हातून मिळून झाला, आणि जगात बहुतेक अन्याय असेच होतात. एका माणसाच्या माथी सगळं मारलं की हे शिकायचं राहून जातं.

४. वैर दिसलं की मैत्रीचा शोध घ्यावा

‘रश’मध्ये जेम्स हंट आणि निकी लाउडा हे दोन चालक पहिल्या भेटीपासून एकमेकांना पाण्यात पाहतात. सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसच्या फॉर्म्युला थ्री शर्यतीत दोघांची टक्कर दाखवली आहे. १९७०च्या क्रिस्टल पॅलेसला हंटची टक्कर आणि त्यानंतरची हाणामारी खरोखर झाली होती, पण ती डेव्ह मॉर्गन नावाच्या चालकाशी. लाउडाचा तिच्याशी संबंध नव्हता. उलट उमेदीच्या काळात हंट आणि लाउडा लंडनमध्ये काही काळ एकाच घरात राहिले होते. ते मित्र होते आणि लाउडाने हे आयुष्यभर सांगितलं.

मला तर खरी गोष्टच जास्त रोमांचक वाटते. ज्याच्याशी घरोबा आहे, त्याच्याशीच ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर चाकाला चाक लावून झुंजायचं आणि संध्याकाळी पुन्हा गप्पा मारायच्या, याला जास्त मोठं मन लागतं. वैरी माणसाला हरवणं सोपं. मित्राला हरवून मैत्री राखणं अवघड.

५. कचेरीतल्या लढायांना कमी लेखू नये

१९७६च्या हंगामाचा निकाल ट्रॅकइतकाच टेबलावर लागला. स्पेनमध्ये हारामाची शर्यत हंटने जिंकली. मोजणीत गाडी १.८ सेंटिमीटर जास्त रुंद निघाली आणि तो बाद ठरला. जुलैमध्ये अपिलात विजय परत मिळाला. एवढं चित्रपटात येतं. मग इंग्लंडमधलं ब्रँड्स हॅच. पहिल्याच वळणावर दोन फेरारी एकमेकींना लागल्या, हंटची गाडीही त्या गोंधळात सापडली, शर्यत थांबवली गेली. हंटला पुन्हा सुरुवात करू द्यायची नाही, असा सूर निघताच घरच्या प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्याला सोडावं लागलं, तो जिंकला, आणि सप्टेंबरमध्ये तो विजय काढून लाउडाला दिला गेला. हंगाम फक्त एका गुणाने ठरला, हे लक्षात घेतलं की हारामा आणि ब्रँड्स हॅचचं वजन कळतं. तरी ब्रँड्स हॅचचा हा सारा प्रसंग चित्रपटाने वगळला.

कारण उघड आहे. अपील, नियमपुस्तक, मोजपट्टी यांचं चित्रीकरण रंगत नाही. म्हणून मी निकालपत्रकाखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा आवर्जून वाचतो. कोण बाद झाला, कोण परत आला, कशाच्या जोरावर; खेळाचा कारभार तिथे उघडा पडतो.

६. प्रसंगांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो

‘ग्रॅन टुरिस्मो’ (२०२३) हा व्हिडिओ गेम खेळता खेळता खरा रेसर झालेल्या यान मार्डनबरोचा चित्रपट. त्यात नायकाची गाडी जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर उडते, एक प्रेक्षक मरण पावतो, नायक खचतो आणि मग ल माँला जाऊन वर्गात तिसरा येतो. खरा क्रम उलटा आहे. ल माँची ती शर्यत २०१३ची. अपघात मार्च २०१५चा. म्हणजे ज्या मृत्यूनंतर नायक सावरतो असं दाखवलं, तो मृत्यू त्या यशानंतर दोन वर्षांनी घडला.

तारखा मागेपुढे करणं नेहमीच सारखं नसतं. फेरारी विकत घेण्याची फोर्डची बोलणी फिसकटताच १९६३ साली फेरारी फियाटकडे गेली, असं ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ सुचवतो. प्रत्यक्षात फियाटने निम्मा हिस्सा घेतला १९६९ साली. या बदलाने कुणाला इजा होत नाही. पण शर्यत पाहायला आलेल्या एका माणसाचा जीव गेला, तो प्रसंग दुसऱ्याच्या जिद्दीचं इंधन म्हणून आधी ओढून आणणं मला मान्य नाही. तडजोडीची माझी रेषा इथे आहे: व्यवहाराची तारीख हलवा, मरणाची हलवू नका.

७. न उलगडलेलं न उलगडलेलंच राहू द्यावं

१ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूरबर्गरिंगवर दुसऱ्या फेरीत लाउडाची फेरारी रस्ता सोडून धडकली आणि पेटली. पडद्यावर गाडीचा एक भाग तुटताना दिसतो, कारण प्रेक्षकाला कारण हवं असतं. मागच्या सस्पेन्शनवर संशय होता, पण कारण निर्विवाद सिद्ध झालं नाही. माइल्सचंही तसंच. १७ ऑगस्ट १९६६ रोजी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला नवी गाडी तपासताना तो गेला. चित्रपटात ब्रेक निकामी होतात. खरी गाडी सरळ रस्त्याच्या शेवटी अचानक का भरकटली, हे कधीच नक्की कळलं नाही.

सिद्ध काय आहे, ते मात्र लख्ख आहे. न्यूरबर्गरिंगचं २२.८ किलोमीटरचं वळणावळणाचं सर्किट इतकं लांब होतं की मदत वेळेवर पोहोचणं मुश्किल. लाउडाला आगीतून काढलं ते इतर चालकांनी: आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल. आपली शर्यत सोडून ते आगीत शिरले. पुढच्या वर्षापासून जर्मन ग्रँप्री हॉकेनहाइमला हलली. काय तुटलं यापेक्षा कोण धावलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

८. अविश्वसनीय वाटलं म्हणून खोटं ठरवू नये

तपासाची सवय लागली की सगळ्यावरच संशय येऊ लागतो. तोही टाळायला हवा. १९६६च्या ल माँला माइल्सच्या गाडीचं दार नीट लागेना आणि पहिल्याच फेरीनंतर त्याला पिटमध्ये यावं लागलं, हा प्रसंग चित्रपटवाल्यांनी रचलेला वाटतो. तो घडला होता. मरणासन्न माणसासाठीचे धार्मिक विधी उरकले गेलेला लाउडा सहा आठवड्यांत, १२ सप्टेंबरला, मोन्झाला परतला आणि चौथा आला, हेही खरं. २४ ऑक्टोबरला हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, जपानमधल्या फुजीच्या मुसळधार पावसात, त्याने दोन फेऱ्यांनंतर गाडी थांबवली. हंटचा टायर शेवटी शेवटी बसला, तो पाचव्या क्रमांकावर घसरला, दोघांना मागे टाकून तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ गुणांनी जगज्जेता झाला. आपण कितवे आलो हे त्याला त्या क्षणी कळलंही नव्हतं.

फुजीला फक्त लाउडाच थांबला नव्हता. एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही धोका ओळखून गाडी बाजूला घेतली. हे ठाऊक असलं की लाउडाचा निर्णय एका होरपळलेल्या माणसाची भीती राहत नाही. जाणत्या चालकांचा सामायिक विवेक म्हणून तो समोर येतो. चित्रपट त्याला एकटा पाडतो, कागद त्याला सोबत देतो.

शेवटी एवढंच

या चित्रपटांचा मी ऋणी आहे. केन माइल्सचं नाव आज जगभर घेतलं जातं, ते अभिलेखागारामुळे नव्हे, चित्रपटामुळे. म्हणून ‘हे सगळं खोटं आहे’ असं म्हणत तुच्छतेने पाठ फिरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. संवाद कल्पनेतून येणार, दहा महिने दोन तासांत बसवावे लागणार, हे मान्यच. पण खऱ्या माणसाचं खरं नाव वापरलं की त्याच्याबद्दल देणंही लागतं. जोडीदाराचं श्रेय, आरोपीची बाजू आणि मृताची तारीख, या तीन गोष्टी चित्रपटाने सांभाळाव्यात अशी माझी मागणी आहे. जिथे त्याने सांभाळल्या नसतील, तिथे ते काम आपण प्रेक्षकांनी करावं. चित्रपट मनसोक्त पाहावा, टाळ्या वाजवाव्यात, आणि घरी आल्यावर निकालपत्रक उघडून डेनी हल्म हे नाव मोठ्याने वाचावं.