पटर निवडावा कसा?

गोल्फच्या खेळात चेंडू हिरवळीवर आला की तो उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळत खळग्यात पोचवायचा असतो. यासाठी जी काठी वापरतात तिला पटर म्हणतात. काम सोपे दिसते, पण थोडे गणित करून पाहा. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ५४ मिलिमीटर. चेंडू ३ मीटर दूर असेल, तर ५४ भागिले ३००० म्हणजे ०.०१८ रेडियन, सुमारे १ अंश. पटरचे मुख याहून अधिक वाकडे लागले, तर सपाट हिरवळीवरही चेंडू खळगा चुकवतो. म्हणून पटर आपल्या हाताला जुळणारा हवा.

प्रथम आपला झोका ओळखा. नियमाप्रमाणे पटरचा दांडा उभ्या रेषेशी निदान १० अंश कललेला असावा लागतो. त्यामुळे झोका कललेल्या पातळीत जातो, आणि वरून पाहिल्यास डोक्याचा मार्ग कमानीसारखा दिसतो. काही खेळाडू मात्र हात व खांदे अशा रीतीने हलवतात, की मार्ग जवळजवळ सरळ राहतो. जमिनीवर दोरी ताणून तिच्यावर झोका घ्या. आपला प्रकार कोणता, ते लगेच कळेल.

आता पटर पाहा. दांडा आडवा करून बोटावर तोला. मुख आकाशाकडे वळले, तर डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेच्या बरोबर खाली आला आहे, चवड्याकडे किंवा टाचेकडे सरकलेला नाही. असा पटर सरळ झोक्याला मानवतो. चवडा जमिनीकडे झुकला, तर गुरुत्वमध्य चवड्याच्या बाजूला आहे. झोक्यात असे डोके सहज उघडते व मिटते, म्हणून ते कमानदार झोक्याला सोयीचे समजतात.

चेंडू नेहमीच मुखाच्या मध्यावर लागत नाही. कडेला लागला की डोके पिळवटते. हे पिळवटणे कमी कसे करावे? एक प्रयोग करा. ३० सेंटिमीटरच्या पट्टीच्या मध्याजवळ दोन सारखे खोडरबर बांधा. पट्टी मध्यावर धरून मनगटाने झटपट उलटसुलट फिरवा. मग तेच खोडरबर दोन टोकांना बांधून पुन्हा फिरवा. वजन तेवढेच, पण आता पट्टी फिरवणे जड जाते. याचे कारण जडत्व आघूर्ण. ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वस्तुमान १ सेंटिमीटरऐवजी ४ सेंटिमीटरवर नेले, की त्याचा वाटा १६ पट होतो.

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन अभियंते कार्स्टन सोलहाइम यांनी हेच तत्त्व वापरले. १९५९ मध्ये त्यांनी बनवलेल्या पटरचे वजन टाच व चवडा या दोन टोकांकडे नेलेले होते. चेंडू लागताच होणाऱ्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ हे नाव मिळाले.

झोका आणि पटर यांची वर सांगितलेली जोडी हा ठोकताळा आहे, अटळ नियम नव्हे. तेव्हा किमतीवर जाऊ नका. प्रत्येक पटरने ३ मीटरवरून वीस-वीस चेंडू मारा, किती आत गेले ते वहीत लिहा आणि मगच निवड करा.

जाता जाता एक प्रश्न : दोरावरून चालणारा कसरतपटू हातात लांब बांबू आडवा का धरतो? उत्तर तुमच्या पट्टीपाशीच सापडेल.