रुंब्याच्या दोन पद्धती

प्रश्न : न्यू जर्सीत मी पहिल्या मात्रेवर पाऊल टाकून, चौकोन साधत रुंबा शिकले. येथील शिक्षक म्हणतात, पहिल्या मात्रेवर पाऊल टाकायचेच नाही. माझे शिक्षण चुकीचे झाले काय?
– एक वाचक भगिनी, लंडन

उत्तर : मुळीच नाही, ही शंका प्रथम मनातून काढून टाकावी. क्युबातील हवाना व मातान्झास येथील आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांनी ढोलांच्या साथीने घडविलेला मूळ रुंबा निराळाच असून, १९३० च्या सुमारास ‘एल मानिसेरो’ हे गीत अमेरिकेत गाजल्यावर रुंबा या नावाने जे जोडीनृत्य रूढ झाले, ते वस्तुतः ‘सोन’ आणि ‘बोलेरो’ या क्युबन प्रकारांतून आलेले होय. अमेरिकेत त्याला चौकोनी पदन्यास लाभला. लंडनचे नृत्यशिक्षक मस्यू पियेर यांनी मात्र १९४७ मध्ये क्युबास जाऊन, तेथील नर्तक दुसऱ्या मात्रेवर दिशा पालटतात हे पाहिले, आणि पुष्कळ वादंगानंतर इंग्लंडात तीच पद्धत मुक्रर झाली.

या पद्धतीत दोन, तीन, चार या मात्रांवर पावले पडतात. चौथीवरील पाऊल पुढील पहिलीपर्यंत धरून ठेवावयाचे असते, आणि त्या अवकाशात शरीराचा भार पायावर पूर्ण स्थिरावला की कंबर आपसूक वळते, ती मुद्दाम हलवावी लागत नाही. अमेरिकी पद्धतीत गुडघा किंचित वाकवून पाऊल ठेवतात व मग सरळ करतात. इंग्लंडच्या पद्धतीत ते सरळ पायावरच पडते. मात्र गुडघा मागे ताणू नये. दुखल्यास सराव तहकूब करून डॉक्टरांना दाखवावे.

स्पर्धेचा मानस असल्यास तूर्त एकच पद्धत पत्करावी. समारंभात जोडीदारास येत असेल ती खुशाल नाचावी.