बेस गिटार: रॉकच्या पलीकडेही टिकणारी कला

रॉक बँडमध्ये ड्रमचा ठेका आणि गिटारचे सूर एकत्र बांधून ठेवण्याचे काम बेस गिटारकडे असते. तिच्या चार जाड तारा साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि माणसाएवढ्या उंच डबल बेसला सुटसुटीत पर्याय मिळाला.

या वाद्यावर पोट कसे भरते, हे बेसवादक जॉन पॉल जोन्स यांच्या वाटचालीतून नीट कळते. १९६८ साली त्यांचा लेड झेपेलिन हा बँड सुरू झाला तेव्हा ते २२ वर्षांचे होते. पण त्याआधी काही वर्षे ते लंडनच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या गाण्यांसाठी बेस वाजवत होते, अरेंजमेंट लिहीत होते. रोलिंग स्टोन्सच्या ‘शीज अ रेनबो’ या १९६७च्या गाण्यातील तंतुवाद्यांची रचना त्यांचीच. १९८० साली ड्रमर जॉन बॉनम यांच्या निधनानंतर बँड थांबला, जोन्स मात्र थांबले नाहीत. १९९२ साली आर.ई.एम. या बँडच्या अल्बमसाठीही त्यांनी तंतुवाद्यांच्या अरेंजमेंट केल्या. प्रसिद्धी बँडने दिली. बँडच्या आधी आणि नंतर काम मिळाले ते नोटेशन लिहिता-वाचता येत होते म्हणून.

मुंबईतही हेच घडले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक इतक्या संख्येने आले, कारण चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन शिकवले जाई. अलीकडे मुंबईच्या बेसवादक मोहिनी डे यांनी ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवले आहे आणि गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्याबरोबरही.

भारतात केवळ स्वतःच्या रॉक बँडवर घर चालवणारे बेसवादक फार थोडे. बाकीच्यांची मिळकत रेकॉर्डिंग, गायकांचे दौरे, जाहिरातींची जिंगल, लग्नसमारंभ आणि शिकवण्या यांतून जमते. म्हणून पालकांनी ‘बँड चालेल का?’ यापेक्षा ‘मुलगा किंवा मुलगी अनोळखी गाणे नोटेशनवरून वाजवू शकते का, तालमीला वेळेवर पोहोचते का?’ हे पाहावे. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या आठव्या ग्रेडपर्यंतच्या संगीत परीक्षा शाळा-कॉलेज सांभाळून देता येतात. त्यासाठी पदवी सोडण्याची गरज नाही. मेट्रोनोमवरचा रोजचा रियाज मात्र चुकवून चालत नाही.

पैशाबाबत एक गोष्ट नवखे वादक हमखास विसरतात. गाण्याच्या रचनेची रॉयल्टी गीतकार-संगीतकारांच्या नावावर जमा होते. चाल बांधण्यात बेसवादकाचा वाटा असेल, तर तो रेकॉर्डिंगपूर्वीच लिहून घ्यावा.

आणि कान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सुरक्षित मानतात. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे, आणि रॉकच्या मंचावर तेवढा आवाज नेहमीचा असतो. पहिल्या बेस गिटारबरोबर इअरप्लगही घ्यावेत. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.